वापरायला दिलेलं कार्ड

नव्या घड्याळावर नजर टाकत मॅडमनी बारावीच्या वर्गाला बजावलं, "आपलं एटीएम कार्ड कोणालाही वापरायला देऊ नका. त्याने तुमच्या खात्यातून लुबाडलेला पैसा फिरवला, तर पोलीस तुमच्याच दारात येतील."

शेवटच्या बाकावरची मुलगी रडायलाच लागली. "मी दिलंय, मॅडम. महिन्याला हजार रुपये मिळतात."

मॅडमनी वर्गाकडे वळून विचारलं, "अजून कोणी दिलंय?"

बघता बघता अर्ध्या वर्गाने हात वर केले.

"अरे देवा! दिलंत तरी कोणाला?"

तीच मुलगी हुंदके देत म्हणाली, "तुमच्या पुष्करदादाला. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मुलाने पहिल्या कमाईतून आणलेल्या त्या घड्याळावर मॅडमनी पदर ओढला.