फाळक्याची खिट्टी

जुन्या जीपच्या मागच्या दारावर स्टेपनी टांगायला हणमंतने घरीच बिजागरीवर फिरणारा लोखंडी दांडा बसवला. तो बाजूला फिरवल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि तो जागेवर धरून ठेवायची सगळी मदार कडीवर. गोठ्याची कडी लावली, ती पहिल्याच खड्ड्यात निसटली आणि स्टेपनी कुणाच्यातरी उसात गेली. मग भंगारात अर्धा दिवस उकरून त्याने ट्रकच्या मागच्या फाळक्याची जाडजूड खिट्टी आणून दांड्याला बसवली.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती चपलेच्या टोकाने हलवून बघितली. "जावईबापू, ही तर एका लाथेत उघडेल." हणमंतने शिवी गिळली. सासराच तो.

रविवारी जत्रेला जाताना मामा तांब्याभर ताक ढोसून मागच्या बाकावर बसले. घाटात त्यांनी पत्रा बडवायला सुरुवात केली. "अहो, गाडी थांबवा! लघवी लागलीय!"

हणमंतने गाडी थांबवली, रमतगमत मागे आला आणि स्टेपनीवर कोपर टेकून उभा राहिला. आतून मामांनी दार गदागदा हलवलं, स्टेपनी तसूभरही हलली नाही.

"उघडा की लवकर!"

"मामा," तो गोड आवाजात म्हणाला, "एक लाथ मारा की."