सतरा हुंकार

ज्या वर्षी कोरलीला जुळी झाली, त्याच वर्षी खाणवाले दुसऱ्यांदा आले. जुळी तेव्हा तीन महिन्यांची होती. एक कोरलीच्या मांडीवर, दुसरं तिच्या आजीच्या, मर्टलच्या. दुकानामागे फांद्या घालून केलेल्या मांडवात पन्नासेक माणसं लाल मातीवर बसली होती. समोर एकच खुर्ची. तिच्यावर कंपनीचा पीटर्सन, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून.

मर्टलचा थोरला भाऊ मांडवात आला नव्हता. पलीकडे मोडक्या गाडीच्या सावलीत, सगळ्यांकडे पाठ करून, तो कुत्र्यांबरोबर बसला होता.

पीटर्सनने मागच्या बैठकीचा कागद वाचला. झोपल्या टेकडीखाली युरेनियम आहे. टेकडीचा मान ज्यांच्याकडे आहे, त्या वृद्ध गृहस्थांना सर्व मुद्दे समजावून सांगितले. त्यांनी प्रत्येक मुद्द्याला ‘हो’ म्हटलं. एकूण सतरा वेळा. आज ते फक्त कायम करायचं. संध्याकाळच्या विमानाने कागद पर्थला जाईल आणि महिन्याभरात यंत्रं येतील.

“सतरा!” मागून रेगी म्हणाला. “लग्नाला वीस वर्षं झाली, बायको अजून एकदाही हो म्हणाली नाही मला.”

कुणी हसलं नाही. गाडीच्या सावलीतली पाठ आणखी वाकली.

झालं होतं एवढंच. त्या दिवशी पीटर्सन इंग्रजीत बोलत राहिला आणि म्हातारा ऐकत राहिला. आमच्यात माणूस बोलत असताना गप्प बसणं म्हणजे त्याला हाकलून देणं. म्हणून म्हातारा प्रत्येक वाक्यामागे ‘हं’ म्हणाला, कुणीही म्हणेल तसा. त्याने हुंकार दिला. पीटर्सनने होकार लिहून घेतला. तेव्हापासून म्हातारा कुणाच्या शेकोटीला बसला नव्हता. कांगारूची शेपटी भाजल्याचा वास सुटला, तरी उठून येत नसे.

मर्टलने मांडीवरचं बाळ शेजारणीकडे दिलं.

“काय रे बाळा,” ती पीटर्सनला इंग्रजीत म्हणाली, “कायम करण्याआधी टेकडीची गोष्ट ऐकशील का? आमच्या भाषेत सांगते. टेकडीला तेवढीच कळते.”

“अवश्य,” म्हणून पीटर्सन पुढे झुकला. माणूस सभ्य होता.

कोरली त्याला अर्थ सांगायला तोंड उघडणार, तोच मर्टलने ओठ पुढे काढून जुळ्यांकडे दाखवलं. तू पोरं सांभाळ.

मग ती बोलायला लागली. सावकाश, मातीत बोटाने रेघ ओढत, मधूनच टेकडीकडे ओठ करत. एक वाक्य झालं की थांबायची आणि पीटर्सनकडे बघायची. तो मान डोलवायचा. “हं.” पुढचं वाक्य. “हं, हं.” पाचव्या वाक्याला कोरलीने बाळाच्या दुपट्यात तोंड लपवलं. दहाव्याला रेगी उठून खांबाआड गेला. गाडीच्या सावलीतली पाठ हळूहळू सरळ होत होती.

“झालं,” मर्टल इंग्रजीत म्हणाली. “कोरली, किती झाले गं?”

“एकवीस, आजी.”

“लिही, बाळा. आमच्या दादाचे सतरा, तुझे एकवीस.”

“एकवीस काय?” पीटर्सनने हसत विचारलं.

“तुझे होकार. मी विचारलं, यंत्रं न आणता कायमचा घरी जाशील का, तू हो म्हणालास. झोपलेल्याला खणून उठवतो तो येडा की नाही, तर हो. तुझ्या आईला हे कळलं तर ती तुझा कान पिळेल की नाही, त्यालाही हो. ती टोपी माझ्या पणतूला देशील का, तर दोनदा हो.”

मांडवात हशा उसळला. “गाडीची किल्ली पण मागायची ना, आत्या!” खांबाआडून रेगी ओरडला.

पीटर्सनचे कान लाल झाले. “पण मला तुमची भाषा येत नाही,” तो म्हणाला. “मी नुसता ऐकतोय, एवढंच सांगत होतो.”

हशा थांबला. पन्नास माणसांत कुणी साधा हुंकारही दिला नाही.

पीटर्सनने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

पलीकडे कुत्री उठली, म्हणजे म्हातारा उठला होता. तो मांडवात आला. माणसांनी वाट दिली. गोऱ्यांची गुरं राखताना इंग्रजीतले दहा-बारा शब्द त्याच्या कानावर पडले होते. त्यातला एक त्याने काढला.

“नो.”

मग टेकडीकडे ओठ केले आणि फुटलेल्या कळपाला ओरडावं तसा पुन्हा म्हणाला, “नो.”

पीटर्सनने सतरा ‘हो’ असलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली नवा शब्द लिहिला. “आपलं नाव?” त्याने हळू विचारलं. म्हाताऱ्याने आधी गोऱ्या मालकाने ठेवलेलं नाव सांगितलं, मग टेकडीवरून पडलेलं आपलं नाव. वाचता येत नव्हतं, तरी शेवटचं अक्षर होईपर्यंत तो कागदावर वाकून उभा राहिला.

“दादा,” मर्टल म्हणाली, “चल, शेपटी निवतेय.”

टेकडी अजून झोपलेली आहे. मर्टलचा भाऊ पुढच्या वर्षी थंडीत, जुळी पहिली पावलं टाकायला लागली त्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी वारला. गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, म्हणून इथेही घेतलेलं नाही. ते त्या कागदावर आहे, ‘नो’च्या शेजारी.