म्हातारी मोटर

अरे, आमच्या काकांनी घरी बांधलेलं दोन सीटचं विमान आहे ना, त्याचा ऑटोपायलट महिनाभर रुसलेला! विमान वळवायच्या दांडीवरचा हात सोडला रे सोडला की विमान डावीकडे कलायचं. शनिवारी लेकीकडे उडत जायचं होतं, म्हणून काका इरेला पेटले. वायरी बदलल्या, कनेक्टर घासले, दांडी हलवणाऱ्या सर्वो मोटरला शिव्याही घालून झाल्या. "बारा वर्षं इमानेइतबारे चालली, आता म्हातारी झाली बिचारी," म्हणत शेवटी त्यांनी ती खोलली. मोटर आणि दांडीला जोडणारी पिनच तुटलेली, आणि तुटल्या टोकांवर हा एवढा जुना गंज!

"काका, ही तर कित्येक वर्षांपूर्वीच तुटलीय," मी म्हटलं. "मग विमान सरळ कोण नेत होतं?"

कोपऱ्यात काकू दुखऱ्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली. महिनाभर ती विमानात बसलीच नव्हती.

"हे दांडी सोडून ऑटोपायलटचं कौतुक करायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्या बाजूच्या दांडीला माझा गुडघा लावलेला असायचा."

काकांनी तुटकी पिन खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले गं? शनिवारपर्यंत बरा होईल?"