खालच्या फळीवरची पुस्तकं

‘हेही नको,’ म्हणत बाईंनी पुस्तक मिटलं आणि काउंटरवर ठेवलं.

दुकानदाराने सुस्कारा गिळला. देव नाही असं सांगणारी पुस्तकं त्याने मुद्दाम सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली होती. ती विकायला त्याची हरकत नव्हती. डोळ्यांसमोर नकोत, एवढंच. आता त्याची शिक्षा त्याच्याच गुडघ्यांना होत होती. वाकायचं, पुस्तक ओढून काढायचं, फुंकर मारून धूळ उडवायची, आणि बाईंनी चार पानं चाळून मान हलवायची. गेल्या आठवड्यात हेच, त्याच्या आदल्या आठवड्यातही हेच.

‘यात काय वाईट आहे आता?’

‘लेखक फार खिदळतो,’ बाई म्हणाल्या. ‘देव मानणारा तेवढा बावळट, असं धरूनच चाललाय. वाचणाऱ्याने अशी माणसं जवळून पाहिलीत. हे पटायचं नाही.’

‘बरं. मागे नेलेलं ते जाडजूड?’

‘त्यात धर्मग्रंथातली वचनंच चुकीची छापलीत. एक सोडून चार ठिकाणी. आमच्या घरी असली चूक लगेच पकडली जाते.’

कसला म्हणायचा हा पोरगा, दुकानदाराच्या मनात आलं. देव मानायचा नाही आणि ग्रंथ मात्र तोंडपाठ! पोरगा हा अर्थात त्याचा अंदाज. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, ‘मुलासाठी का?’ तेव्हा बाई फळीकडे बघत म्हणाल्या होत्या, ‘घरातच वाचायचंय.’ आणि मग हळूच, ‘खाकी कव्हर घालून द्याल?’ तेवढ्यावरून त्याने काय ते ओळखलं. घरातलं असलं दुखणं माणूस झाकूनच ठेवणार.

आतल्या टेबलावर सून नव्या पुस्तकांना किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. ‘बाबा, मी दाखवू का त्यांना? तुम्ही बसा जरा.’

‘नको. तू दाखवलंस तर अख्खी फळी विकशील.’

‘मग बरंच की! दुकानच आहे ना आपलं?’

त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा वाकला, पुन्हा एक पुस्तक काढलं. हे बारीक होतं, शहाण्यासारखं लिहिलेलं, कुणाला टोमणा न मारता. आपण विकत नसतो तर बरं झालं असतं असं त्याला ज्या पुस्तकाबद्दल वाटायचं, ते हेच.

बाई उभ्या उभ्याच वाचू लागल्या. बराच वेळ वाचत राहिल्या. दुकानदाराला वाटलं, सुटलो. त्याने खाकी कागदाची गुंडाळीसुद्धा उलगडली.

‘चांगलं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण देव नाही एवढं सांगून हा मोकळा झाला. मग उद्या सकाळी उठून करायचं काय? ओठांवर एक आणि पोटात एक, असं कुठवर निभवायचं? त्याबद्दल अक्षर नाही यात.’

दुकानदाराने कागदाची गुंडाळी आपटली. ‘बाई, असं पुस्तक जगात नाही! असतं तर मीच जाळलं असतं. अहो, माणूस औषध शोधतो, तुम्ही आजार शोधताय. वर त्यातही निवड! हा नको, तो नको!’

सुनेने मान वर केली. बाई रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा इतका थकलेला दिसला की दुकानदार वरमला. स्टूल पुढे सरकवून म्हणाला, ‘बसा. चुकलं माझं. पण एक सांगू? मोठ्या भावाचं म्हणून ऐका.’

बाई बसल्या.

‘मागच्या हिवाळ्यात माझी बायको गेली. मी हे शटर उघडायचं बंद केलं. जेवण नाही, बोलणं नाही. या सुनेने हात टेकले होते. शेवटी तिनेच ओढून मला टेकडीवरच्या सभागृहात नेलं. तिथले प्रवचनकार ठाऊक आहेत ना?’

‘कोणाला ठाऊक नाहीत?’

‘प्रवचन संपल्यावर लोकांची ही गर्दी. मी मागेच उभा. ते गर्दीतून माझ्यापर्यंत आले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ती आहे. तुम्हाला दिसत नाही, एवढंच.’ आपटलेली गुंडाळी त्याने पुन्हा सरळ केली. ‘दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. आजही त्याच एका वाक्यावर उभा आहे मी. ते वाक्य काढून घेतलंत तर खाली कोसळेन.’

‘मागच्या हिवाळ्यात म्हणालात?’

‘हो.’

‘असं म्हणाले ते? नक्की?’

‘शपथेवर सांगतो.’

बाईंनी डोळे मिटून घेतले. दुकानदाराला वाटलं, लोखंड तापलंय, आता घाव घालावा.

‘म्हणून म्हणतो, ही पुस्तकं राहू द्या. घरातल्या माणसाला फक्त एकदा त्यांच्यासमोर नेऊन बसवा. लाजत असेल तर मी येतो सोबत. अहो, मी दगड झालो होतो, मला पाझर फुटला! तुमचं माणूस तर शिकलेलं, विचार करणारं. त्यांचं एक प्रवचन ऐकलं की असलं वाचायची गरजच उरायची नाही.’

बाईंनी ते बारीक पुस्तक काउंटरवरून उचललं आणि खाकी कागदावर ठेवलं. ‘घाला कव्हर,’ त्या म्हणाल्या. ‘लग्न झाल्यापासून घरातच ऐकतेय मी ती प्रवचनं. हे पुस्तक त्यांनाच हवंय.’