चुलीला सुट्टी

"आजबी पावच काय, सूनबाई?" किसनरावांनी ताट पुढे ओढत विचारलं.

"शाळेत परीक्षेचं काम निघालं, मामाजी. गाडी उशिरा भेटली. आता चूल कवा पेटवू अन् भाकरी कवा थापू?" जयमाला म्हणाली. बोलताना तिच्या हातातली सुरी थांबली नाही.

दिवाळीपासून अमडापूरच्या या घरात रात्रीचं जेवण असंच होई. जयमाला चिखलीच्या शाळेतून यायची, पदर खोचायची आणि ब्रेडच्या कडा कापायला बसायची. एका कापावर शेंगदाण्याची बारीक चटणी, दुसऱ्यावर फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, मध्ये वाफवून दाबलेले मोडाचे मूग आणि किसलेलं गाजर. हां हां म्हणता चार ताटं तयार.

"आई, तव्यावर कुरकुरीत कर ना," सारिका रोज म्हणे.

"येळ नाही," आई रोज सांगे.

किसनराव खाता खाता तोंडसुख घेत. "हे तं त्या शेजारच्या भगवानरावाचं खाणं झालं. कवळीवाल्याचं! आमी दातानं सुपारी फोडणारी माणसं." एवढं बोलून हसायचे आणि हसताना उपरणं तोंडाला लावायचे. त्यांची दुसरी तक्रार बैलाची होती. पूर्वी जेवण झालं की ते ताटातली भाकरी घेऊन स्वतः गोठ्यात जात. आता पावाच्या राज्यात बिचाऱ्या बैलाचाही घास बंद झाला होता.

हे सगळं एकवेळ घरातल्या घरात राहिलं असतं. पण वरवट बकालहून किसनरावांची बहीण कौशल्याबाई दोन दिवस राहायला आली. आत्याबाई नाकाने कांदे सोलणाऱ्यातल्या. त्यांनी सँडविच उचललं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत ताटात ठेवलं.

"गोकुळ, तुह्या बापानं जनमभर ज्वारी पिकवली. आता म्हातारपणी त्याले पाव खाऊ घालतं काय? सोडव तिची नोकरी."

"हाव ना, सांग त्याले," किसनराव म्हणाले. त्यांचं दुसरं सँडविच संपलं होतं आणि तिसऱ्याकडे हात गेला होता.

शाळेच्या ऑफिसातली ही नोकरी जयमालाला लग्नानंतर फार खटपटीने मिळाली होती. त्या नोकरीवर तिचा जीव होता. हे गोकुळला ठाऊक होतं, म्हणून तो दोन्हीकडून भरडला जात होता. बायको दुखवायची नव्हती आणि बापाला भाकरीवाचून ठेवल्याचा डाग नको होता. गावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान. तिथे येणारी माणसंही आता "काय गोकुळ, आज ब्रेड का बटर?" असं विचारू लागली होती.

"मी उद्या चिखलीले येतो. हेडमास्तरले भेटतो," रात्री तो म्हणाला. "त्यांनी तुले येळेवर सोडलं तं ठीक. नाही तं राजीनामा दे."

"उद्या नका येऊ," जयमाला घाईने म्हणाली. "मी बोलते ना त्यांच्याशी."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला त्याने पाहिला. म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून काळी-पिवळी जीपमध्ये बसला.

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. शिपाई इंद्रभान सायकल काढत होता.

"मॅडम? त्या कवाच्याच गेल्या. शाळा सुटली की रोजच जातात."

"अन् परीक्षेचं काम?"

"कोन्ती परीक्षा, भाऊ? ते होऊन महिना झाला."

गोकुळच्या मनात नको नको ते येऊ लागलं. तो जवळजवळ पळतच बसस्टँडवर गेला.

जयमाला बाकावर एकटी बसली होती. मांडीवर पर्स, पिशवीतून डोकावणारा ब्रेडचा पुडा. समोर अमडापूरची गाडी लागली होती. माणसं चढली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. जयमालाने गाडीकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही. गाडी निघून गेली.

"गाडी काऊन सोडली?"

ती दचकली. मग बाजूला सरकून तिने त्याला जागा करून दिली.

"रोज सोडते काय तू?"

"हाव."

"कोनासाठी?"

"येळेवर घरी गेली तं भाकरी करा लागतात."

"मंग कर ना! बाबा कवाचे मागून राह्यले."

"मागतात. खातात कुठं?" जयमाला म्हणाली. "दिवाळीच्या आधी मी गोठ्यात गेली होती. मामाजी ताटातली आख्खी भाकर बैलाले चारत होते. अन् वाटीतलं वरण पिऊन झोपत होते. त्यांच्या तोंडात एक दाढ राह्यली नाही हो. मी आडोशाले उभी होती, त्याइले दिसली नाही. म्हनून तं हसताना उपरणं लावतात तोंडाले."

गोकुळला दिवाळीच्या आधीचा बाप आठवला. गालफडं बसलेला, चालताना भिंत धरणारा. त्याने ते वयावर ढकललं होतं.

"मंग खिचडी टाकाची ना," तो कसाबसा म्हणाला.

"टाकली होती. आजाऱ्याचं खाणं म्हनून ताट सरकवून देल्लं. अन् मले समजलं हे त्याइले कळलं असतं, तं घास उतरला नसता. असं मले नावं ठेवता ठेवता पोटभर जेवतात. आता तं भिंत धरत नाहीत."

अमडापूरची पुढची गाडी फलाटाला लागली. जयमालाने पिशवी उचलली आणि ती उठली.

गोकुळने तिच्या हाताला धरून तिला परत बाकावर बसवलं.

"बस," तो म्हणाला. "आता गेलो तं भाकरीले येळ भेटंन."