डोळे मिटू या

माईक हातात आला आणि उजागरेसाहेबांची बोबडी वळली. आधी चर्चचे पाळक, मग विद्यापीठाचे कुलगुरू. बोलताना ते कधी अडखळले नव्हते. पण स्वतःसाठी मतं मागायची ही पहिलीच सभा होती, आणि मैदान गच्च भरलं होतं.

घाबरलेल्या तोंडून जुनी सवयच बाहेर पडली, "चला, डोळे मिटू या."

त्यांना वाटलं, आता लोक हसणार! पण कुणाला तरी श्रद्धांजली असेल असं समजून सगळं मैदान डोळे मिटून उभं राहिलं. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी त्यांचेही डोळे मिटलेले असत. आज भीतीनं उघडे राहिले.

शेजारी पक्षाध्यक्षांचेही उघडेच होते. ते खुशीत कानाशी पुटपुटले, "झकास, साहेब! मतदानापर्यंत यांचे असेच मिटलेले राहू द्या."