सासऱ्यांची वाहतूक

धाकट्या जावयाच्या रिमोटवरच्या ट्रकने सासऱ्यांना ओढून नेलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू, कारण त्या सकाळपर्यंत ट्रकला स्वतःलाच ओढवत नव्हतं.

जावयाने हौसेने नायट्रो इंधनावर चालणारं मोठं इंजिन बसवलं, तर त्याच्या जोराने आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरांचा भुगा झाला. गिअर पोलादी केले, तर अ‍ॅक्सल पिळवटला. अ‍ॅक्सल बदलला, तर क्लचने मान टाकली. शेवटी मूळ ट्रकचं फक्त वरचं झाकण उरलं.

सासरे जन्मभर सोळाचाकी ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनी याला एकदा तरी ट्रक म्हणावं, एवढीच जावयाची इच्छा. ते म्हणत, ‘खेळणं’. आताही पार्किंगमध्ये ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीत बसून ते मजा बघत होते.

"जावईबापू, खेळण्यात माल काय भरणार? काडेपेट्या?"

"बाबा, पाय वर घ्या," म्हणत जावयाने खुर्चीला दोरी बांधली.

ट्रक किंचाळला, त्याने निळा धूर सोडला आणि नव्वद किलोचे सासरे मार्गस्थ झाले. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. सासूबाई ओरडल्या, "अहो, वळताना हात तरी दाखवा!" सासऱ्यांनी गंभीरपणे हात दाखवला.

संध्याकाळी चष्मा पुसून त्यांनी आरटीओ कार्यालयाला अर्ज लिहिला: ‘या व्यवसायात माझी हयात गेली असून, स्वानुभवावरून कळवितो की, माझ्या जावयांच्या ट्रकची नोंद अवजड वाहनांत करण्यात यावी, ही नम्र विनंती.’